पाणी हललं तर

आमच्या घरात माझं नाव भोवरा. दिराने ठेवलं, आणि बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मला चक्कर येते. साधीसुधी नाही. भिंती फिरतात, दार खिडकीकडे सरकतं, पायाखालची फरशी झोपाळ्यासारखी कलते. मी औषधांच्या दुकानात होते, शिडीवर चढून वरच्या फळीवरचे खोके काढायचे. एकदा शिडीवरच भोवळ आली, खोक्यांसकट खाली आले आणि नोकरी सुटली.

कानाचे डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय. नवरा म्हणाला, मनाचे खेळ आहेत. सासूबाई म्हणाल्या, "घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे. हिचे वासे आधीच फिरतात!" सगळे हसले. मीही हसले, पण मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती. गरगरायला लागलं की समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघायचं. पाणी स्थिर असेल तर घर जागेवर आहे, बिघाड तुमच्या कानात आहे; घाबरायचं नाही. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर माझा भरलेला ग्लास कायम. खोली कितीही गरगरू दे, ते पाणी ढिम्म हलायचं नाही. त्या पाण्याइतका विश्वास मी घरात कुणावरच टाकला नसेल.

त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपली होती. नवरा लोखंडी कपाटाजवळच्या दिवाणावर आडवा होऊन मॅच बघत होता. सासूबाई टेबलाशी बसून नखं कापत होत्या, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. फरशी कलली. आलं आपलं दुखणं, असं म्हणत मी सवयीने ग्लासाकडे पाहिलं.

पाणी हलत होतं.

आधी नुसतं शहारलं, मग काठापर्यंत जाऊन परत आलं. पाणी हललं तर काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. वाटलं, आता डोळेही गेले. भरवशाची एवढी एकच वस्तू उरली होती, तीही माझ्यासारखीच झाली.

"अहो, पाणी हलतंय."

"पड जरा," नवरा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला.

"आई, तुम्हाला काही जाणवतंय का?"

"टेबलाला टेकू नकोस गं, बोट कापेल माझं. गोळी घे."

लांडगा आला रे आला, तशी माझी गत. मी दोन्ही हात वर केले. टेबलाला माझा स्पर्शही नव्हता, तरी पाणी ग्लासातून उसळून सासूबाईंच्या मांडीवर सांडलं. स्वयंपाकघरातली भांडी एकदम वाजायला लागली.

"भूकंप आहे! खाली बसा!" मी ओरडले. सासूबाईंचा गुडघा वाकत नाही. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अक्षरशः टेबलाखाली ओढलं. नवरा उठून बसला होता, पण नुसताच बसला होता. "काय गं, तुझं हे..." एवढंच म्हणाला. मी धडपडत गेले आणि त्याची कॉलर धरून खेचलं. संसारात पहिल्यांदाच. आम्ही दोघं टेबलाच्या पायाशी आपटलो, आणि मागे कपाट धाडकन दिवाणावर आडवं झालं.

हलणं थांबलं तरी सासूबाई माझा हात सोडेनात. बिल्डिंग रिकामी झाली, आम्हीही उतरलो. संध्याकाळी धीर करून वर आलो, तर नवऱ्याने दारातच चौकट घट्ट धरली.

"आला! पुन्हा आला! फरशी हलतेय!"

सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी ग्लास भरला, टेबलावर ठेवला आणि मागे सरले.

"काही हलत नाहीये."

"अगं, मला कळतंय ना! भिंत सरकतेय!"

"पाण्याकडे बघा."

तो टेबलापर्यंत चाचपडत आला आणि ग्लासाला नाक लागेल इतका वाकला. बराच वेळ बघत राहिला. पाणी हललं नाही.

"म्हणजे हे माझ्या..." तो पुटपुटला.

'मनाचे खेळ' हे शब्द अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आले. किती दिवस जपून ठेवले होते! पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात टेबलाची कड सोडत नव्हते. तो घाम माझ्या ओळखीचा होता.

"घाबरू नका," मी म्हणाले. "घर जागेवर आहे."

त्याने मान हलवली आणि हळूच खुर्चीत बसला. नजर ग्लासावरच.

"तुला असं व्हायचं तेव्हा मी कुठे असायचो गं?"

"इथेच," मी म्हणाले. "दिवाणावर."