बिनभार

आईनं अंथरूण धरलं त्या वर्षी माझ्या बहिणीच्या डाव्या मनगटावर अँपिअरचा काटा उगवला. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. भांडी घासताना ती त्यावर पदर गुंडाळायची, एवढंच.

मिरजेत माझं विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे मला तो काटा वाचता येई. आई दरवर्षी वाळत गेली आणि दरवर्षी जड होत गेली. आधी ज्वारीच्या पोत्याएवढी, मग लोखंडी कपाटाएवढी. तिला उचलून कुशीवर वळवायचं काम अक्काचं. मोटारीवर भार वाढला की वेग उतरतो आणि करंट चढतो. अक्का सावकाश होत गेली. तिला बघायला तासगावचे पाहुणे आले, तेव्हा ती चहा घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. बाहेरच्या खोलीत पोचली तोवर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न होऊन त्याला मुलगी झाली होती. तिनं कप परत नेले आणि विसळून पालथे घातले.

तिच्या अंगाला जळायला आलेल्या मोटारीसारखा तापलेल्या वार्निशचा वास येऊ लागला.

"अक्का, हात भाजतोय तुझा."

"भाजू दे. त्या बाजूनं आईचे पाय धरतोस का जरा?"

"दुकान उघडायचंय," मी म्हणालो.

अकरा वर्षं मी हेच म्हणालो.

आई मार्चमधल्या एका दुपारी अक्काच्या हातांवरच गेली. काटा खाली आला. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

दहाव्यापर्यंत अक्का इतकी भरभर झाली की भाकऱ्या आपोआप थापल्या जाताना दिसायच्या. तेराव्याला ती एकाच वेळी अंगणात होती आणि माजघरातही. लोकांचा पहिला घास तोंडात जायच्या आत पानं उचलली गेली. ती रडत होती की बोलत होती ते कुणाला कळेना. नुसती बारीक शिट्टी ऐकू येई.

मी हमीदचाचांकडे गेलो. मला तार गुंडाळायला त्यांनीच शिकवलं. भार निघाल्यापासून वेग आवरत नाही, एवढंच मी सांगितलं.

"सीरीज मोटार आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बिनभार कशी सोडलीस? ती आपणहून थांबत नसते. वेग वाढतच जातो, फुटेपर्यंत."

"आता काय करू?"

"भार दे. आणखी काय."

मी घरी आलो आणि आईच्या खाटेवर आडवा झालो.

"अक्का, मला वळव."

वारं आलं. पाठीखाली तिचे हात आले, गार, मला माहीत नव्हते इतके गार. तिनं मला छातीशी उचललं.

"श्रीपती," ती म्हणाली. एवढे शब्द मला स्वच्छ ऐकू आले. "तू हाताला लागतच नाहीस रे."

"मी जड आहे, अक्का. नीट बघ."

"बघतीय की."

ती बारीक शिट्टी पुन्हा चढत गेली आणि तिचा अंबाडा सुटला. केस आडवे, ताठ पसरत गेले आणि खोलीच्या चारी भिंतींना टेकले.