हळदीला गेलेला लसीचा डबा

मित्रांनो, टोकावड्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात कपाटावर निळा डबा दिसला, तर तो मी. लसी नेण्याचा, जुना, झाकणाला तडा गेलेला.

माझ्या भिंती जाड आहेत. त्यांच्या पोटात फोम भरलेला आहे, म्हणून बाहेर ऊन तापलं तरी आतला बर्फ लवकर वितळत नसे. मला दिल्लीच्या सरकारने विकत घेतलं. आता सरकारकडे पैसे येतात कुठून? कुणी साबणाची वडी घेतो, कुणी गाडीत डिझेल टाकतो. त्या किमतीतच कर असतो. त्यातला काही भाग राज्याला मिळतो, काही देशाच्या तिजोरीत जातो. कमी पडलं तर सरकार कर्जही काढतं. मग कशावर किती खर्च करायचा, त्याला संसद मंजुरी देते. तशा मंजुरीतून मी आलो.

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या नामाच्या जीपमधून मी डोंगरावरच्या वाडीत जाई. आशाताई दिपाली मला मांडीवर घेऊन बसे. मला फार मान होता.

एकदा नामाच्या भावाची हळद होती. नामाने कुणाला न विचारता मला उचललं आणि माझ्यात थंड पेयांच्या बाटल्या कोंबल्या. झाकण बसेना, म्हणून तो स्वतःच वर बसला आणि झाकण तडकलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतली लहानी शेतातलं काम सोडून बाळाला गोवराची लस टोचून घ्यायला अंगणवाडीत आली. शेजारच्या पाड्यात गोवर आला होता. मी पोचलो, पण रिकामा. फुटक्या डब्यात लस थंड राहत नाही, म्हणून केंद्रातल्या नर्सबाईंनी ती दिलीच नव्हती.

"डबा कोनी फोडला रे नामा?" लहानीने विचारलं.

"सरकारी हाय गो. कोनाच्या बापाचा नाय. दुसरा येल."

"येल तवा येल. गोवर थांबल का तवर?"

दिपाली म्हणाली, "नामादादा, जीपमदी डिझेल टाकता ना? त्याच्यावरच्या करातूनच असं डबं येतात. तुमी सोताच्याच डब्यावर बसलात."

"आनि वजन बी केवढा," लहानी म्हणाली. बायका हसल्या.

नामा हसला नाही. त्याने मुरबाडला निघालेली गिऱ्हाइकं जीपमधून उतरवली.

"बस गो लहानी. लस येत नाय तर आपन तिच्याकडं जाऊ. भाडा नको."

केंद्रात सुई टोचली तसं बाळ कळवळून रडलं. बाहेर उभ्या नामाने ते ऐकलं आणि मोठा श्वास सोडला.

आता माझ्यात कापूस आणि पट्ट्या ठेवतात. नवा डबा नामा सीटला बांधून नेतो.

मित्रांनो, एसटीची सीट, शाळेचा नळ, रस्त्यावरचा दिवा या सगळ्यांत तुमच्या घरचे पैसे आहेत. त्यांना जपा. आणि काही बिघडलं तर दुरुस्ती खाली मान घालून मागू नका, हक्काने मागा.