पाचवी खूण

“नाकानं श्वास घे गं भिंगरे! तोंड उघडलंस की दम पळून जातो, आणि मग तुला त्याच्यामागं पळावं लागतं.”

हा आवाज आत्याचा. चव्वेचाळीस वर्षं झाली. आत्या गेली, ती शाळाही पाडली, पण आवाज आहे तिथंच आहे, कानाच्या पाळीमागं. आत्या शाळेत शिपाईण होती आणि घंटा द्यायचं काम तिचं. घरातून निघायला रोजचा उशीर, मग भाचीचं मनगट धरून धूम ठोकायची. भाची धापा टाकत विचारायची, “आत्या, घंटा तर तूच देणार. मग आपल्याला उशीर कसा होईल?”

“आपल्याला नाही गं होत. अख्ख्या शाळेला होतो. म्हणून तर पळायचं.”

आणि पळता पळता आत्या म्हणायची, एकेका ओळीला चार पावलं:

पहिलं पाऊल टाकलं, दारच्या उंबऱ्याला
दुसरं पाऊल टाकलं, वाटेच्या वळणाला
तिसरं पाऊल टाकलं, वाऱ्याच्या पाठीला
चौथं पाऊल राखलं, माझं मी परतीला

सोळा पावलं झाली की पुन्हा पहिल्यापासून. भाची मोठी झाली, टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामाला लागली, तिची स्वतःची लेक नोकरीसाठी परगावी गेली, तरी घरात तिचं नाव भिंगरीच राहिलं. आणि पायांतली ती ओळही राहिली. चाळिशीत तिनं पहाटेचं पळणं धरलं तेव्हा ओळ आपसूक ओठांवर आली, जणू कुणी दाराशी चपला घालून उभंच होतं.

पळायचा रस्ता पाण्याच्या टाक्यांमागचा. एका हाताला टाक्यांच्या आवाराची लांबच लांब राखाडी भिंत, दुसऱ्या हाताला कालवा, आणि टोकाला पूल. मध्ये झाड नाही, फाटक नाही, दिव्याचा खांबही नाही. कुठवर आलो ते कळायचं कसं? पण नवरा नगरपालिकेत रस्ते मोजणारा. लांब दांड्याचं चाक ढकलत गावभर फिरायचा, मीटरमीटरला ते चाक ‘टक्’ करायचं. कचेरीतले त्याला फूटपट्टी म्हणत, कारण तो चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेपासून चार बोटांवरच ठेवी. बायकोचं पळणं ठरलं त्या आठवड्यात फूटपट्टीनं भिंतीच्या कडेनं रस्त्यावर शंभर-शंभर मीटरवर पांढऱ्या रंगाच्या खुणा ओढल्या. पुलापर्यंत दहा.

“लोक बायकोला दागिने करतात,” ती म्हणाली होती.

“दागिना हरवतो. हे कोण नेणार?”

दोन खुणांमध्ये ओळी सहा वेळा म्हणून व्हायच्या आणि वर चार पावलं उरायची. अकरा वर्षं, थंडीवाऱ्यात, सहा वेळा आणि चार पावलं.

मग एके सकाळी न्हाणीघरात साबण लावताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून आहे?” भिंगरी म्हणाली, “मागच्या आठवड्यात लागली हाताला.” शेजारच्या खुर्चीवर फूटपट्टी बसला होता. तो एकदम उठला, पाणी पिऊन येतो म्हणाला, आणि अर्ध्या तासानं आला. शर्टाची बाही ओली होती. तिला वाटलं, बापडा घाबरला.

आधी केमो झाली. केस गेले, भुवया गेल्या, चव गेली. लेक येऊन महिनाभर राहिली आणि आईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “आई, तू छान दिसतेस हं.” भिंगरी म्हणाली, “आरसा आहे गं घरात.” पुढं ऑपरेशन. डावी बाजू सपाट झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. कुशीतून एक नळी आणि नळीला बाटली, दहा दिवस. फूटपट्टी बाटलीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचा. गोळ्या मोजायचा, ताप मोजायचा, ती किती घोट पाणी प्यायली तेही. सगळं करायचा. पण रात्रीचं अंथरूण घातलं की स्वतःचे दोन्ही हात उशीखाली घालून, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. पंचवीस वर्षांत असा कधी झोपला नव्हता.

तिनं विचारलं नाही. काय विचारणार? जिथं हात यायचा ती जागाच आता राहिली नव्हती. त्याला बघवत नसेल, तिनं मनाशी ठरवून टाकलं, आणि कपडे बदलताना दाराला आतून कडी लावायला लागली.

व्यायाम शिकवणारी बाई दर बुधवारी यायची, पोरगेलीशी, पण आवाज हवालदाराचा. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखं झालं होतं, हात खांद्याच्या वर जाईना. “भिंतीला तोंड करून उभ्या राहा. बोटांनी भिंत चढायची. मुंगी चढते तशी.” स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटं चढायची, अडकायची, आणि फूटपट्टी जिथं अडकली तिथं पेन्सिलीची रेघ मारून तारीख घालायचा. पहिल्या पंधरा दिवसांत रेघा इतक्या जवळजवळ होत्या की एकीवर एक बसल्या. पण खऱ्या होत्या. टपाल कचेरीतल्या तिच्या पत्रांच्या खणांची वरची रांग कुठं येते ते तिनं स्वतःच भिंतीवर खडूनं आखून ठेवलं होतं. मुंगी अजून तिथून वीतभर खाली होती.

सहाव्या आठवड्यात बाई म्हणाली, “चालताय ना? आता हळूहळू पळायला हरकत नाही. हळूहळू म्हणजे माझ्या आजीसारखं.”

“तुमची आजी पळते?”

“नाही. म्हणून तर.”

रेडिएशन सुरू व्हायला अडीच आठवडे होते. भिंगरीनं मनाशी बांधलं की त्याच्या आधी न थांबता पाचव्या खुणेला पाय लावायचा. कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतं? तिला एवढंच बघायचं होतं की हे शरीर अजून तिचं ऐकतं की सगळ्या डॉक्टरांचंच ऐकतं. सात महिने जो तो गोड बोलत होता. शेजारीण म्हणे, रंग उजळला. कचेरीतली माणसं म्हणत, तुझ्या जागेला कुणी हात लावलेला नाही. आणि तिला पक्कं ठाऊक होतं की त्या जागेवर दुसरी बाई बसते. खोटं न बोलणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे रस्ता.

रस्त्यावर मधल्या काळात नवं डांबर पडलं होतं, जुन्या खुणा त्याखाली गेल्या होत्या. “मी पुन्हा ओढून ठेवल्यात,” फूटपट्टी म्हणाला. “सध्या पाचच. पुढच्या मग बघू.”

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा अंग एका बाजूला कलत होतं. उजवीकडं वजन, डावीकडं नाही. अर्ध्या भरलेल्या बादलीसारखं चालणं. बनियनमध्ये शिवलेली कापसाची उशी वीस पावलांत वर सरकून गळ्यापाशी येऊन बसली, जणू विचारायला आली होती, कसं काय चाललंय? ती एकटीच हसली आणि उशी काढून खिशात कोंबली. पाऊल आखूड पडत होतं, पूर्वीच्या पाऊण पावलाएवढंही नाही. पहिल्या खुणेला पोचून गुडघ्यांवर हात टेकले.

चार दिवसांनी दुसरी. आठवड्यानं तिसरी. फूटपट्टी घरी कॅलेंडरवर गोल करायचा. चौथ्या खुणेला पोचली त्या दिवशी त्यानं लेकीला फोन लावून दिला, आणि लेक तिकडून ओरडली, “आई, चारशे मीटर! तू बाई राक्षस आहेस!”

त्या दिवशी घरी येऊन ती बूट सोडत होती. नाडीची गाठ तशीच हातात राहिली.

सहा वेळा.

खुणेपासून खुणेपर्यंत ओळी सहा वेळा झाल्या होत्या आणि वर चार पावलं. आज, काल, परवाही. ओठ आपले म्हणत होते आणि तिचं लक्ष दमाकडं होतं. पण पाऊल आखूड झालंय, मग ओळी वाढायला नकोत? आठ व्हायला हव्यात, नऊ व्हायला हव्यात. बरोबर अकरा वर्षांच्या हिशेबानं सहा कशा येतात?

नवरा कामावर गेला होता, पण त्या दिवशी चौकाच्या आखणीला चाकाऐवजी मोजायची साखळी लागणार म्हणून चाक दारामागंच होतं. तिनं ते उजव्या हातानं बाहेर काढलं. उन्हं चढलेली, कालव्याच्या कडेला कुणी नाही. पहिल्या खुणेवर चाक टेकवलं आणि ढकलायला लागली. टक्, टक्, टक्. दुसऱ्या खुणेपाशी थांबून चाकावरचा आकडा पाहिला. पुसून पुन्हा पाहिला. सत्तर.

पुढच्या दोन खुणांमध्ये सत्तर. त्यापुढंही सत्तर. माणूस खोटंही किती काटेकोर बोलला होता!

संध्याकाळी फूटपट्टी आला, हातपाय धुतले, पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. “चल. मुंगी कुठवर जाते बघू.”

“ही तरी खरी मारता का हो रेघ?”

पेन्सिल हवेतच राहिली. दारामागं चाक होतं, पण त्याच्या रबराला कालव्याकाठचा वाळलेला चिखल होता. त्याची नजर तिथं गेली आणि तिथंच बसली.

“तुला बरं वाटावं म्हणून केलं,” तो म्हणाला.

“बरं वाटायला सारं गाव बसलंय. तुम्ही मोजायचं होतं.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिंमत खचू देऊ नका…”

“माझी हिंमत तीस मीटरनं खचते? अहो, अकरा वर्षं मी त्या खुणांवर पाय ठेवला तो जमिनीवर ठेवावा तसा. इतर कुणी फसवलं असतं तर हसले असते.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं त्याला जास्त लागलं. “परवा रेडिएशन सुरू. उद्या सकाळी चाक घेऊन माझ्याबरोबर यायचं. मी पळेन, तुम्ही शेजारून ढकलायचं. जिथं थांबेन तिथं खूण करायची. जी असेल ती.”

“आणि कमी भरलं तर?”

“तर कमी भरेल. ते माझं असेल.”

सकाळी दोघं निघाले. आभाळ नुकतं उजळत होतं, कालव्यावर धुक्याची पातळ साय. तिनं उशी घातलीच नव्हती. टी-शर्ट डाव्या बाजूला सपाट पडला होता आणि तिनं तो झाकला नाही. फूटपट्टीच्या खिशात खडू.

“पहिलं पाऊल टाकलं,” ती म्हणाली, आणि चाक टक् म्हणालं.

शेजारी तो नुसता चालत नव्हता, भराभर चालत होता, दांडा दोन्ही हातांनी धरलेला. तिची आखूड पावलं, त्याची लांब, मध्ये ते टक्-टक्. पहिली खोटी खूण मागं पडली, दुसरी पडली. ओळ तुटायला लागली; “वाऱ्याच्या” म्हणताना श्वास संपायचा आणि “पाठीला” पुढच्या श्वासावर यायचं. काखेतली दोरी ताणली. तिनं तोंड मिटलं. नाकानं, भिंगरे. तिसरी मागं पडली. मांड्या लाकडाच्या झाल्या. चौथी मागं पडली आणि ती अजून पळत होती. पण पळणं कसलं, पाय उचलून पुढं ठेवणं.

पाचव्या पांढऱ्या रेघेच्या दहा-बारा पावलं अलीकडं ती थांबली. पडली नाही, रडली नाही. ओळ संपली होती आणि पुन्हा सुरू करायला दम नव्हता, बस्स.

“किती?”

तो आकड्यावर वाकला. “तीनशे बेचाळीस.”

“बघा पुन्हा.”

“तीनशे बेचाळीस. खरंच.”

“बरं,” ती म्हणाली. भिंतीला पाठ टेकली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. “माझे आहेत हो ते. तीनशे बेचाळीस. करा खूण.”

तो उकिडवा बसला. डांबरावर खडूनं रेघ ओढली, नीट, सरळ. शेजारी आकडा घातला. आणि उठलाच नाही.

“पाय आखडला का?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. खडू बोटांत कुस्करत होता, पांढरा भुगा बुटांवर पडत होता.

“अहो, झालं ते झालं. रंग आणून खुणा परत ओढा. एवढं काय…”

“ते नव्हे.” तो रेघेशीच बोलत होता. “खुणा तुझ्यासाठी नाही सरकवल्या मी. ह्या दुखण्यात तुला जास्त चालायला लागलं ते माझ्यामुळं. म्हणून वाटलं, जेवढं कमी करता येईल तेवढं…”

“तुमच्यामुळं कसं? काय बोलताय?”

त्यानं दोन्ही हात वर केले आणि त्यांच्याकडं पाहिलं, खडूनं माखलेल्या तळव्यांकडं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

“गाठ मला आधी लागली होती. ह्या हाताला. तू झोपेत होतीस. तू न्हाणीघरातून हाक मारलीस त्याच्या दोन महिने नऊ दिवस आधी. मी हात काढून घेतला आणि उशीखाली घातला. सकाळी सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. वाटलं, मी बोललोच नाही तर ती नसेल.”