भटूनानांच्या छातीतली नळी

मारुतीच्या पारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या चोपडा तालुक्यात केळीचा भाव चढला तरी एवढी माणसं जमत नाहीत. साक्रीहून आलेले नाडीबाबा आज आमच्या गावच्या भटूनानांच्या छातीतली कुजलेली नळी न कापता बाहेर काढणार होते!

नानांची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फुगली होती. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तो भाग कापून तिथे कृत्रिम नळी शिवली. तेव्हापासून गडी ठणठणीत.

बाबांनी गर्दीला विचारलं, "तुम्हना वावरमानी ठिबकनी नयी कितला वरीस टिकस?"

"पाच-सात!"

"मंग छातीमानी नयी काय अमर शे?"

वावरातली नळी टिकत नाही, तर छातीतली कशी टिकेल, हे केळीवाल्यांना चटकन पटलं. मी ठिबकचं दुकान चालवतो. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही पटलं.

बाबांनी नानांच्या छातीवर ओला पंचा टाकला, काहीबाही पुटपुटले आणि पंचाखालून कुंकवाने माखलेली काळी नळी ओढली. जयजयकार झाला. "आते गोया बंद!" बाबांनी फर्मावलं. नानांच्या पत्नी द्रौपदाबाई रक्तदाबाच्या गोळ्या धुनीत टाकायला निघाल्या.

"अक्का, थांबा!" उपकेंद्रातली सिस्टर संघमित्रा पुढे आली. "बाबा, नळी काढलीत, मग नानांचं रक्त वाहतंय कुठून? ती निघाली तर माणूस मिनिटांत जातो. नाना तर चहा मागताहेत!"

"देवनी नवी बसाडी," बाबा म्हणाले.

मी बाबांच्या हातातला तो नळीचा तुकडा घेऊन पुसला. पाणी ठिबकायचं भोक दिसलं. "अहो, हा माल माझ्याच दुकानातला!"

संघमित्राने बाबांची बाही झटकली. पुढच्या भक्तांसाठी ठेवलेले आणखी दोन तुकडे खाली पडले. बाबांना एकाएकी साक्रीची बस आठवली.

नाना मात्र घाबरलेलेच. "पण पोरी, मनी नयी कितला वरीस टिकी?"

"नाना, ठिबकची नळी उन्हाने तडकते. छातीत ऊन कुठलं? तुमची नळी पांढऱ्या, चुण्यांच्या पक्क्या कापडाची आहे. ती सहसा कित्येक दशकं टिकते. दाब वाढला तर धोका शिवणीला आणि उरलेल्या धमनीला. म्हणून गोळी रोज, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा स्कॅन."

नानांनी द्रौपदाबाईंच्या हातातून पाकीट घेतलं आणि तिथेच गोळी गिळली.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर ती वस्तू आधी हातात घेऊन पाहा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. बाबा तर लबाडच होते. पण टाळ्या वाजवणारे आम्ही होतो, आणि जीव नानांचा जाणार होता.