मांजरीच्या डोळ्यातले थेंब

मुलीने मांजरीला टॉवेलात गुंडाळून टेबलावर घट्ट धरलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या डोळ्यात रंगाचा थेंब सोडला. बुबुळावर हिरवा डाग उमटला. त्याच्या कडा विरघळत चालल्यासारख्या दिसत होत्या.

घरी डोळ्यात काही घातलं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मुलगी ठामपणे नाही म्हणाली. बाकावर बसलेल्या आईने पिशवीतून एक छोटी बाटली काढून पुढे केली. तीन आठवड्यांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर तिला लिहून दिलेलं औषध होतं ते.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. दुसऱ्या मांजराचं नख लागलं असावं, ते म्हणाले. जखम बरी होण्यासारखी होती. पण या औषधात स्टेरॉइड आहे, त्याने ती चिघळत आत गेली. आता डोळा काढावा लागेल.

मुलीचा पारा चढला.

"नको तिथे शहाणपणा कशाला केलास? मला विचारायचं तरी!"

बाहेर बसलेली माणसं दारातून आत बघू लागली. आई मांजरीकडेच बघत राहिली.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "रविवारी विचारलं, परत मंगळवारी विचारलं. तू म्हणालीस, मांजरं आपली आपण बरी होतात."

मुलीला मंगळवार आठवला. कानाला फोन होता आणि आईला गप्प करायला तिने हात उडवला होता. तिने संमतीचा कागद ओढून घेतला आणि सही इतकी दाबून केली की कागद फाटला. मदतनीस बाईंनी निमूटपणे दुसरा आणून ठेवला.

डॉक्टर बाटली उजेडात धरून हलवत होते.

"आजी, ही तर रिकामी आहे. मग तुम्ही स्वतः काय घालता?"

"मला दिसतंय की," आई म्हणाली. "त्या मुक्या जिवाला सांगताही येत नव्हतं."

मुलगी बाकापाशी गेली आणि तिने आईचा काळा चष्मा काढला. आईने उजेडापुढे हात धरला. डोळा लालभडक झाला होता, पापणी सुजली होती.

"दुखतंय?"

"आधी तिचं होऊ दे."

 मुलगी चष्मा परत घालू लागली, पण त्याची काडी काही केल्या तिला आईच्या कानामागे बसवता येईना.