भिलाबापूंच्या काचेवरची चमक

मी एक जुना फिल्टर आहे. पाण्याचा नव्हे, कॅमेऱ्याचा. भिंगाच्या तोंडावर आटे पिळून बसवतात ती काळसर गोल काच म्हणजे मी. मला दोन कड्या आहेत. मागची कडी भिंगाला घट्ट धरून राहते, पुढची बोटाने गोल फिरते. पाण्यावर, पानांवर, काचेवर उजेडाची जी पांढरी चमक बसते ती मी गाळतो. मात्र त्यासाठी पुढची कडी फिरवावी लागते. मित्रांनो, माझी एवढी एकच अट. आणि ही एक अट ज्याच्या डोक्यात शिरली नाही अशा माणसाच्या हाती माझं सगळं आयुष्य गेलं.

त्याचं नाव हेमकांत. नंदुरबारात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. मला त्याने सुरतेच्या बाजारातून आणलं. दुकानदार बिचारा जीव तोडून सांगत होता, कडी अशी फिरवा, चमक जाईल, आकाश गडद होईल, पण घरात आणि मांडवात हा काढून ठेवा, हा उजेड खातो. हेमकांत तेव्हा दुकानातल्या आरशात बघत होता. गळ्यात कॅमेरा, त्यावर काळी काच. "भारी दिखस," तो म्हणाला. झालं त्याचं शिक्षण.

त्या दिवसापासून मी भिंगावरच. भर उन्हात मी, अंधाऱ्या देवघरातही मीच. मी निम्म्याहून जास्त उजेड अडवतो, यात लपवण्यासारखं काही नाही. मांडवात आधीच उजेड कमी, त्यात मी तोंडावर. मग फोटो काळे येतात. मग हेमकांत आयएसओचा, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा, आकडा वाढवतो. अंधारात तो बेताने वाढवायचा असतो, पण बेत हा शब्द हेमकांतला जेवणातही ठाऊक नाही. तो आकडा थेट टोकाला नेतो आणि नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. मांडवाचं कापड गुलाबी असलं की वऱ्हाडही गुलाबी. रंग सुधारायचं व्हाइट बॅलन्सचं बटण त्याच्या अंगठ्याजवळच आहे, ते अजून कोरं करकरीत आहे. ऊन अडवायला भिंगाला जी टोपी येते, ती डब्यात उलटी बसवलेली असते. ती आजही उलटीच आहे.

प्रकाशा गावाला, तापीकाठी, तो लग्नाआधीचे फोटो काढायला नेहमी जातो. एकदा उन्हात फोटोत नदी अशी चकाकत आली होती की जोडपं पत्र्याच्या छपरावर उभं आहे असं वाटावं. कडी जरा फिरवली असती तर पाण्याखालचे गोटे मोजता आले असते. जोडपं मात्र म्हणालं, काय भारी कॅमेरा आहे! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही. मला हेमकांतची कीव कधी आली नाही. रागच आला.

माझी निगा म्हणाल तर माझा डबा पहिल्याच महिन्यात हरवला. मी भिंगासकट पिशवीत तंबाखूच्या पुडीशेजारी झोपतो. फारच धूळ बसली तर हेमकांत तोंडाची वाफ सोडतो आणि शर्टाच्या टोकाने मला चोळतो. त्या शर्टाबद्दल मी बोलत नाही.

तर मित्रांनो, यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही कोरीट गावी गेलो. बेबीबाईंच्या मुलीचं, स्वप्नालीचं, लग्न होतं. हळद दुसऱ्या दिवशी. स्वप्नाली पाळण्यात असतानाच तिचे वडील भिलाबापू वारले. मांडवात बापाच्या जागी खुर्ची ठेवायची आणि खुर्चीवर त्यांचा मोठा फोटो, असं ठरलं होतं. पण घरात त्यांचा फोटो एकच. प्रकाशाच्या जत्रेत काढलेला, तळहाताएवढा. तो चौकटीत घालून छताजवळ टांगलेला होता आणि त्याला चंदनाच्या सालीचा हार होता. बेबीबाई रोज स्टुलावर चढून पदराने काच पुसत आणि कपाळावर गंध लावत. हार मात्र कोणी हलवत नसे. त्यामुळे स्वप्नालीने बाप पाहिला होता तो कपाळापासून नाकापर्यंत. हार हलवायचा नाही, म्हणून तिनेही कधी हलवला नाही.

चौकट खाली उतरवली, हार काढला, तेव्हा खरी पंचाईत कळली. कधीतरी भिंतीत पाणी झिरपलं होतं आणि फोटो काचेला चिकटून बसला होता. हेमकांतने मागचा पुठ्ठा काढून कोपरा ओढून पाहिला. कोपऱ्याचा रंग काचेवरच राहिला. त्या कोपऱ्यात नुसतं जत्रेतल्या पडद्यावर रंगवलेलं झाड होतं म्हणून बरं.

बेबीबाईंचा मोठा मुलगा योगेंद्र मंडपवाल्याशी भांडून आला होता, त्याला कशाचाच धीर नव्हता. तो म्हणाला, "लाय इकडे. पानीम्हा भिजाडीसन मी काढस."

"योगेंद्र, ठेव ते खाले!" बेबीबाई ओरडल्या. "तुन्हा बापनं तोंड फाडी टाकशी!"

"मंग उद्या खुर्चीवर काय ठेवशी, माय?"

आता काचेवरूनच फोटो काढायचा, एवढी एक वाट उरली. हेमकांतने चौकट अंगणातल्या खाटेवर उभी केली आणि समोर उभं राहून फ्लॅश मारला. भिलाबापूंच्या तोंडावर पांढरा गोळा. परत मारला. परत गोळा. फ्लॅश काचेवर मारला तर तो परत येणारच, हे भिंतीवर चेंडू मारणाऱ्या पोरालाही कळतं. फ्लॅश बंद केला तेव्हा काचेत खुद्द हेमकांत दिसू लागला, पोटासकट. शेवटी तो कंटाळून बाजूला सरकला आणि तिरपा उभा राहिला. काचेत आता तो नव्हता, पण दुपारचं पांढरं आभाळ होतं आणि त्याखाली भिलाबापू गुडूप.

मित्रांनो, मी तेव्हा कसा तडफडलो ते तुम्हाला काय सांगू! काचेवरची चमक अगदी समोरून मलाही कापता येत नाही. पण थोडं तिरपं उभं राहिलं की ते माझंच काम. हा शहाणा नकळत बरोबर जागी उभा होता. आता फक्त कडी फिरवायची होती. त्याने काय केलं? आयएसओ वाढवला.

"काच चमकी ऱ्हायनी काकू, मी काय करू?" तो म्हणाला.

"मी सांगी ऱ्हायनू ना, भिजाडीसन निंघी," म्हणत योगेंद्र चौकटीकडे निघाला. स्वप्नालीने ती उचलून पोटाशी धरली. तिची बोटं पांढरी पडली होती.

बेबीबाई हेमकांतकडे वळल्या. वैतागलेल्या माणसाला काहीतरी काम लागतं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुन्हीच काचवर कितली धूय शे, दख!" असं म्हणून त्यांनी पदर बोटाला गुंडाळला आणि रोज नवऱ्याची काच पुसत तशी मला पुसायला लागल्या. गोल गोल, दाबून. बोट कडीला लागलं. तंबाखूने आवळलेली माझी कडी करकरली आणि फिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

स्वप्नालीने चौकट परत खाटेवर ठेवली. हेमकांतने होता तिथूनच, तिरपाच उभा राहून, कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आभाळ काचेवरून पुसलं गेलं होतं. त्याने फोटो काढला, एक नजर पडद्यावर टाकली आणि छाती काढून म्हणाला, "दखं? मी सेटिंग करी टाकी."

त्याच्यावर थुंकता आलं असतं तर मी थुंकलो असतो.

मायलेकी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकल्या. कपाळ, डोळे, नाक ओळखीचे होते. त्याखाली भिलाबापू हसत होते. गालात नव्हे, चांगले तोंड उघडून, जत्रेत कोणीतरी काहीतरी बोललं असावं तसे. पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

"तुन्हा बाप आसाच हासे," बेबीबाई म्हणाल्या आणि खाटेवर बसल्या. योगेंद्रही जवळ आला आणि मग मंडपाकडे तोंड करून उभा राहिला.

हेमकांतला मात्र दातच दिसला. "हाऊ दात तुटेल शे," तो म्हणाला. "चिंता नको, मी कम्प्युटरवर नवा बसाडी देसू. अंगात कोट बी घाली देसू."

स्वप्नालीने कॅमेऱ्यावर हात ठेवला. "दातले हात लावू नका, हेमकांतभाऊ," ती म्हणाली. "इतला वरीसम्हा आज मन्हा बाप मन्हाकडे दखीसन हासना."

 मला पुन्हा तंबाखूशेजारी ठेवून हेमकांत जेवायला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो ओढू नका, भिजवू नका. हार अधूनमधून बाजूला करून पोरांना माणूस पुरा दाखवा. आणि फोटोग्राफर येईल तेव्हा त्याच्या भिंगावर माझ्यासारखी काळी काच असली, तर तिची कडी फिरवायला सांगा. नाही फिरवली, तर सरळ कॅमेरा हातातून घ्या आणि स्वतः फिरवा.