फ्रीजमध्ये अठ्ठेचाळीस अंश

"अहो, अंडी नासली वाटतं! आणि हा फ्रीजही बिघडलाय. अठ्ठेचाळीस दाखवतोय, पण दूध तर गारच आहे."

आजी ट्रेलरच्या दारातून ओरडल्या. आजोबा बाहेर चाकांत हवा भरत होते. अंडी म्हटल्याबरोबर त्यांच्या हातातला पंप खाली पडला, कारण अंडी त्यांनी अजून आणलीच नव्हती.

"बाहेर ये! आधी बाहेर ये! दिवा लावू नकोस, पंखा लावू नकोस, कशालाच हात लावू नकोस!"

पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या तारांत काढलेल्या माणसाला हा वास कशाचा ते सांगावं लागत नाही. बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज गेली की ती असा वास सोडते, आणि तेव्हा एक ठिणगी पुरते. आजोबांनी घराच्या भिंतीतला प्लग उपटला, ट्रेलरच्या खिडक्या बाहेरूनच सताड उघडल्या आणि घड्याळ बघत पायरीवर बसले. दीड वाजला होता. चार वाजता लेक दोन्ही नातवंडांना घेऊन येणार होती. गाडीमागे हे चाकांवरचं घर जोडायचं आणि चार दिवस तलावाकाठी राहायचं, असा बेत होता. मुलांचा पलंग बरोबर त्या बॅटरीच्या वर होता.

अर्ध्या तासाने वास ओसरला तसे ते आत गेले आणि त्यांनी गादी उचलली. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या. हात ठेवायची सोय नव्हती, इतकी ती तापली होती. ही रात्री मुलं झोपल्यावर तापली असती तर? हा विचार त्यांनी पुरता होऊ दिला नाही.

त्यामागोमाग दुसरी धास्ती आली, आणि तिची त्यांना लाजही वाटली. गेल्याच महिन्यात लेक म्हणाली होती, "बाबा, हल्ली तुमचं लक्ष नसतं. मुलांना तुमच्याबरोबर पाठवायला जीव धजत नाही." आजोबा असे भडकले होते की विचारू नका. "माझ्या हातची एक जोडणी चुकलेली दाखव, ट्रेलर विकून टाकतो!" लेकीने हात टेकले आणि सहलीला हो म्हणाली.

आता बॅटरी फुगली ती कुणाच्या हातून, हे चारच्या आत कळायला हवं होतं.

हातमोजे चढवून त्यांनी ती बॅटरी उचलून लांब मोकळ्यावर ठेवली. परीक्षेपुरती गाडीची बॅटरी काढून आत जोडली, चार्जर लावला आणि मीटर आजींच्या हाती दिला.

"किती व्होल्ट?"

"पंधरा पॉइंट चार."

"चौदाच्या आसपास हवं. पुन्हा बघ."

"अहो, आकडे मला वाचता येतात."

चार्जरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलेला होता. जोडण्या घट्ट होत्या. छतावरचं सोलर बंद होतं. अडीच वाजले, पावणेतीन झाले. चार्जर चांगला, तारा चांगल्या, मग हा जास्तीचा जोर येतोय कुठून? त्यांनी माहितीपुस्तिका काढली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. बॅटरी गार असेल तर चार्जर जोर वाढवतो, असं त्यात लिहिलं होतं. गार की गरम हे त्याला बॅटरीवर चिकटवलेल्या एका काळ्या मण्यावरून कळतं. मणी तर जागेवर होता. बॅटरी बाहेर नेताना त्यांनीच तो सोडवला होता.

"मघाशी काय म्हणालीस? फ्रीज किती दाखवत होता?"

"अठ्ठेचाळीस."

फ्रीजच्या आत अठ्ठेचाळीस असणं शक्यच नव्हतं. फुगलेल्या बॅटरीवर मात्र होतं. आजोबांनी फ्रीजचं दार उघडलं. आत, बर्फाच्या कप्प्याशी, तसाच दुसरा मणी होता. तो त्यांनी मुठीत गच्च धरला.

"बोल."

"पंधरा पॉइंट तीन. पंधरा. चौदा पॉइंट सहा... अहो, उतरतंय!"

दोन मण्यांची अदलाबदल झाली होती. फ्रीजच्या मापकाचा मणी बॅटरीवर आणि चार्जरचा मणी बर्फाशी. बॅटरी गारठली आहे असं समजून चार्जर बिचारा दोन दिवस तिच्यात वीज कोंबत बसला होता.

"माझीच चूक," आजी म्हणाल्या. "परवा पुसताना दोन्ही काढले आणि उलटे लावले. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

आजोबांचा जीव भांड्यात पडला. "कमाल आहे तुझी! घर उडवलं असतंस!" ते इतक्या आनंदाने ओरडले की आजी हसल्या. मणी सोडवायला ते फ्रीजमागे वाकले.

तिथली वायर मेणदोऱ्याने बांधलेली होती. चार-चार बोटांवर एकेक गाठ, प्रत्येक गाठीचं टोक आत दडवलेलं. अशी गाठ एक्स्चेंजमधली जुनी माणसं मारतात. आजी बुटाच्या नाडीला तीन गाठी मारतात आणि मग त्या कात्रीने कापतात.

आजोबा खाली बसले. हे आपण कधी बांधलं, ते त्यांनी डोकं खाजवून आठवून पाहिलं. काहीच आठवेना. इतकी भीती त्यांना मघाच्या वासानेही वाटली नव्हती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "अजून काय काय तू केलं आहेस?"

आजींनी मीटर खाली ठेवला.

"गॅस मी चालू ठेवला होता," त्या म्हणाल्या. "दोनदा. भाऊजींना एकच पत्र दोन वेळा मीच टाकलं. आणि बाजारात गाडी कुठे लावली, ते मी विसरले होते."

आजींना गाडी चालवता येत नाही.

"कधीपासून?"

"वर्ष होईल आता."

"लेकीला माहीत आहे?"

"नाही हो. तुम्ही चिडला असता."

फाटकाशी गाडी थांबली. "पलंग माझा! पलंग माझा!" करत नातवंडं धावत सुटली. आजोबा उठले आणि दोन्ही हात पसरून ट्रेलरच्या दारात उभे राहिले. मुलं जागच्या जागी थबकली. मागून लेक आली.

"काय बाबा, सगळं तयार?"

"बॅटरी जास्त चार्ज झाली. तिच्या आणि फ्रीजच्या मापकांची अदलाबदल झाली होती."

"अहो, ते मी..." मागून आजी म्हणाल्या.

"ती नव्हे," आजोबा म्हणाले. "मी. आणि बाळ, मला ते आठवत नाही."